अण्णांचं लायसन राहावं का? पत्र देऊ की नको?

मालगुंडकर
नमस्कार मंडळी. प्रश्न लायसनचा आहे, पण माझ्यासाठी घरचाच होऊन बसलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आईचं डायलिसिस असतं मंगळवारी आणि शुक्रवारी, रत्नागिरीत. सकाळी साडेसहाला मालगुंडहून निघायचं, आरे-वारेच्या रस्त्याने. गेली ६ वर्षं आम्हाला नेणारे अण्णा (खरं नाव देत नाही). वय ५८, स्वतःची व्हॅन. आईला पायऱ्यांवरून खुर्चीत बसवून उतरवायचं तर दुसरी बाजू अण्णाच धरतात. करोनाच्या काळात गावात एकही गाडी निघत नव्हती, तेव्हा कागद दाखवत दाखवत तेच आम्हाला घेऊन जायचे. परतताना आई गळून गेलेली असते, म्हणून ते वळणं इतकी हळू घेतात की मागचे हॉर्न मारतात.

साधारण तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, आम्हाला दुपारी घरी सोडल्यावर त्यांनी गणपतीपुळ्याचं भाडं घेतलं. देवळात त्या दिवशी तुफान गर्दी होती. पर्यटक कुटुंब, स्टेशनला सोडायचं होतं. संध्याकाळी आरेच्या उतारावर व्हॅन सरळ उजव्या बाजूला गेली. समोरून एसटी. एसटीच्या चालकाने जागेवर ब्रेक मारला म्हणून वाचले. व्हॅन समुद्राकडच्या कठड्याला घासत थांबली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. त्या कुटुंबाने व्हिडिओ काढला. अण्णा उतरताना झोकांड्या खातायत, बोलणं जड, शर्ट घामाने भिजलेला. 'दारू पिऊन गाडी चालवली' अशी तक्रार गेली आणि आता त्यांना आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली आहे, लायसन का रद्द करू नये म्हणून. सुनावणी पुढच्या आठवड्यात.

स्टॅण्डवरची मंडळी नेहमीच्या प्रवाशांकडून पत्रं गोळा करतायत, की अण्णा निर्व्यसनी आणि भरवशाचे आहेत. माझ्याकडेही आले. मी लगेच सही करणार होते. पण पेन हातात घेतल्यावर एक गोष्ट आठवली. त्याच्या महिनाभर आधी एका रविवारी आईला थंडी वाजून ताप आला, म्हणून अण्णांना बोलावलं होतं. संध्याकाळी परतताना ते एकदम गप्प झाले. नेवऱ्याच्या पुढे मी काहीतरी विचारलं तर भलतंच उत्तर दिलं. कपाळावर घाम, स्टिअरिंगवरचा हात थरथरत होता. मी गाडी थांबवायला लावली. टपरीवर दोन ग्लास कोकम सरबत प्यायले, दहा मिनिटांनी म्हणाले, 'चला, आता बरा आहे मी.' आणि नेहमीसारखी गाडी चालवत घरी आणलं. दारूचा वास मला ना त्या दिवशी आला, ना ६ वर्षांत कधी.

सांगा, मी पत्र देऊ का? दिलं तर त्यात काय लिहू?

---

बंदरवाला
द्या की! ६ वर्षांची सेवा एका व्हिडिओपुढे फुकट? हे दोन दिवसांचे पाहुणे येतात, मोबाइल काढतात आणि आमच्या माणसाच्या पोटावर पाय देऊन जातात.

---

पुणेरी_प्रवासी
बंदरवाला, मी त्या पाहुण्यांपैकीच एक. दर डिसेंबरला मुलांना घेऊन येतो. आरेच्या वळणावर उजव्या हाताला खाली समुद्र दिसतो, तिथे माझी गाडी समोरच्या एसटीच्या तोंडात गेली असती तर मीही तक्रार केली असती. त्यांनी चूक काय केली?

---

रातांबा
एसटीचा तो चालक कोण असेल त्याला आधी नारळ द्या.

---

कुडाळकर_बाबल
रातांबा, एकदम बरोबर बोललंस. तेका नारळ, शाल आणि गरम भजी पण देवक होयी.

---

निवृत्त_निरीक्षक
मोटार वाहन निरीक्षक म्हणून आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबवतो.

आधी शब्द नीट करू, कारण स्टॅण्डवर सगळ्याची खिचडी होते. सरकारी मराठीत ड्रायव्हिंग लायसन म्हणजे 'अनुज्ञप्ती'. 'परवाना' म्हणजे परमिट, ते गाडीचं. छातीवरचा बिल्ला ही तिसरी गोष्ट. अण्णांना आलेली नोटीस लायसनची आहे, म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९. त्यात कारणं दिलेली आहेत : सराईत गुन्हेगार किंवा सराईत दारुडा असणे, गाडी गुन्ह्यासाठी वापरणे, खोटी माहिती देऊन लायसन मिळवणे, आणि चालक म्हणून आजवरच्या वागण्यातून 'याच्या चालवण्याने लोकांना धोका आहे' असं दिसणे. शिवाय १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या नियम २१ मध्ये लोकांना त्रास किंवा धोका होईल अशा कृत्यांची यादी आहे. प्रवाशांशी गैरवर्तन, प्रवासी गाडी चालवताना विडी-सिगारेट ओढणे, अपघातातल्या जखमीला मदत न करणे, असं बरंच त्यात येतं.

दारूचा आरोप वेगळा. कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ती श्वासाच्या यंत्राने किंवा रक्त तपासून सिद्ध करावी लागते. इथे कोणतीच चाचणी झालेली दिसत नाही, त्यामुळे १८५ टिकणं कठीण. पण म्हणून अण्णा सुटले असं समजू नका. गाडी विरुद्ध बाजूला गेली हे खरं आहे, आणि 'लोकांना धोका' हे कारण त्यावर उभं राहू शकतं.

लायसन कायमचं रद्द करता येतं, किंवा ठरावीक काळापुरतं चालवायला अपात्र ठरवता येतं. त्याआधी बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, आदेशात कारणं लेखी द्यावी लागतात आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

आता पत्राबद्दल. अशा सुनावण्यांत पत्रांचे गठ्ठे यायचे. सगळ्यांचा मजकूर एकच, खाली सह्या वेगळ्या. अमुक इसम सुस्वभावी, निर्व्यसनी, मनमिळाऊ. मी ती वाचून बाजूला ठेवायचो. मला हवी असायची अशी एक ओळ, की लिहिणारा स्वतः गाडीत बसला होता आणि त्याने काय पाहिलं. ताई, तुमच्याकडे तशी ओळ आहे. ती गाळून दिलेलं पत्र मला खोटं वाटेल.

---

मालगुंडकर
साहेब, ती ओळ लिहिली तर अण्णांचंच नुकसान ना? बाकी २० पत्रांत 'उत्तम चालक' आणि माझ्यात 'हात थरथरत होता'.

---

जांभा
मी या विषयावर सहसा लिहीत नाही.

२०११ च्या गणपतीत आम्ही मुंबईहून निघालो. गाडीवाला गावचाच, वडिलांच्या ओळखीचा. चाकरमानी पोचवायचे, लगेच उलटं मुंबईला जायचं, परत भरून आणायचं. त्याची ती सलग तिसरी रात्र होती. पनवेलला चहा घेताना माझ्या चुलतभावाने त्याला विचारलं, 'झोप झाली का रे?' तो हसला, म्हणाला, 'गणपतीत झोपतो कोण?' आम्हीही हसलो. खेडच्या पुढे, भोस्ते घाटात पहाटे गाडी डंपरच्या मागे घुसली. भाऊ पुढे बसला होता. २६ वर्षांचा.

तो गाडीवाला चांगला माणूस होता. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण त्या रात्री तो गाडी चालवण्याच्या लायकीचा नव्हता. आम्ही सगळे हे बघत होतो आणि ओळखीचा माणूस म्हणून कुणी बोललो नाही.

ताई, तुम्ही त्या रविवारी गाडी थांबवायला लावलीत. आमच्यात तेवढंही कुणाला सुचलं नाही.

---

बंदरवाला
जांभा, माहीत नव्हतं. माझं वरचं बोलणं तुम्हाला लागलं असेल तर माफ करा.

---

डॉ_सुरंगी
मालगुंडकर ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. घाम, थरथर, भलतं उत्तर, आणि गोड सरबत प्यायल्यावर दहा मिनिटांत माणूस ताळ्यावर. त्यांना मधुमेह आहे का? असला तर गोळी कोणती आणि त्या दोन्ही दिवशी त्यांनी काय खाल्लं होतं? एवढं विचाराल का?

---

रातांबा
डॉक्टर, खाण्याचं मी सांगतो. मंगळवारी गणपतीपुळ्यात तुफान गर्दी म्हणजे अंगारकी. आणि त्याच्या महिनाभर आधीचा रविवार? कॅलेंडर काढून बघितलं. संकष्टी!

---

मालगुंडकर
अंगावर काटा आला. अण्णा संकष्टी करतात, चंद्रोदयापर्यंत काही खात नाहीत. आणि डायबेटिस आहे. आईची शुगर मोजायचं यंत्र बघून एकदा म्हणाले होते, 'माझंही यानेच मोजतात.' गोळीचं विचारते.

---

डॉ_सुरंगी
न तपासता निदान करणार नाही, फक्त शक्यता सांगते. मधुमेहाच्या काही गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइडच्या जातीच्या, आणि इन्सुलिन, यांनी पोट रिकामं असलं तरी साखर खाली जात राहते. ७० च्या खाली गेली की शरीर इशारे देतं : घाम, धडधड, थरथर, भूक. आणखी खाली गेली की मेंदूलाच साखर पुरत नाही. बोलणं जड, पाय लटपटणं, समोरचं दोन-दोन दिसणं, उगाच चिडणं. बघणाऱ्याला वाटतं प्यायलाय. वास नसला तरी वाटतं. अशा माणसाला लोकांनी दारुडा समजून रस्त्याकडेला बसवून ठेवलेलं मी पाहिलंय, आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर जिवावर बेततं.

उपवास सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, पण गोळी तीच आणि पोट रिकामं हा मेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच घालू नये. साखर उतरतेय असं वाटलं तर आधी गाडी बाजूला, मग तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग पोटभर खायचं.

आणि ताई, सरबत पिऊन दहा मिनिटांत ते पुन्हा स्टिअरिंगवर बसले, हेही धोक्याचंच होतं. या गोळ्यांचा असर तासन्‌तास राहतो. साखर चढते, पुन्हा उतरते. मेंदू सावरायला वेळ लागतो.

---

लेस्टरकर
मूळ गाव जैतापूरजवळ. इथे इंग्लंडमध्ये ९ वर्षं मिनीकॅब चालवली, त्यामुळे या धाग्यात बोलायचा माझा हक्क आहे असं धरतो.

इथे लंडन सोडून बाकी ठिकाणी टॅक्सीचालकाचं लायसन नगरपालिका देते. १९७६ च्या कायद्यात शब्द आहेत 'फिट अँड प्रॉपर', म्हणजे माणूस लायक आणि योग्य हवा. नुसती गाडी येणं पुरत नाही. तक्रार गंभीर असली की नगरसेवकांच्या छोट्या समितीपुढे चालकाला बसवतात. माझ्या एका मित्राबरोबर मी गेलो होतो. तो सांगत होता घरचे हप्ते, तीन मुलं, बायकोचं आजारपण. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, हे आम्हाला कळतं, पण आम्ही ठरवताना ते धरू शकत नाही. आम्ही एवढंच बघतो, की रात्री एकटी मुलगी तुमच्या गाडीत निर्धास्त बसेल का. मला तेव्हा राग आला होता. आता माझी मुलगी १७ वर्षांची आहे.

२०२० च्या सरकारी निर्देशांप्रमाणे दारू पिऊन चालवल्याची शिक्षा झाली असेल तर ती भोगून ७ वर्षं होईपर्यंत लायसन देऊ नये असं आहे. पण आजाराचं वेगळं. मधुमेह असला की लायसन गेलं असं नाही. तुम्ही कळवायचं, साखरेची नोंदवही ठेवायची. चालकांमध्ये एक वाक्य पाठ असतं, 'फाइव्ह टू ड्राइव्ह'. इथल्या मापात ५, म्हणजे आपल्याकडचे साधारण ९०. त्याच्या खाली असेल तर आधी खा. आणि साखर उतरली असेल तर ती ताळ्यावर आल्यापासून ४५ मिनिटं किल्लीला हात लावायचा नाही. लपवलंत आणि सापडलात तर मात्र गेलात.

---

स्टॅण्डवरचा
मी रत्नागिरीत टॅक्सी चालवतो. एवढं सगळं वाचलं, आता आमची बाजू ऐका.

शुगर आहे हे कुठला ड्रायव्हर सांगतो? सांगितलं की मालक म्हणतो उद्यापासून येऊ नको. स्वतःची गाडी असली तर घरचे म्हणतात विकून टाक. हप्ता, विमा, टॅक्स, पासिंग काही थांबत नाही. धंदा चार महिने : दिवाळी, नाताळ, मे आणि गणपती. पावसात नुसतं स्टॅण्डवर बसून डाव मांडायचा. मग संकष्टीसारखा दिवस येतो, चार भाडी मिळतात, तेव्हा कोण म्हणेल आज मी उपाशी आहे, आज नको?

आणि अजून एक. माझी गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. ब्रेक बघतात, लाइट बघतात, टायर बघतात. माझं स्वतःचं पासिंग? लायसनच्या नूतनीकरणाला, ५ वर्षांनी एकदा. पूर्वी ३ वर्षांनी होतं, २०१९ पासून ५. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं ते कसं मिळतं हे सगळ्यांना माहिती आहे. गेल्या खेपेला माझा डॉक्टर कागदावरून मान वर करून बघायलाही तयार नव्हता. 'चष्मा आहे का?' 'नाही.' शिक्का. झालं.

अण्णांना वाचवा असं मी म्हणत नाही. पण अण्णा एकटे नाहीत एवढं लक्षात ठेवा. आमच्या स्टॅण्डवर गोळ्या खाणारे मला माहीत असलेलेच पाच आहेत.

---

निवृत्त_निरीक्षक
स्टॅण्डवरचा, तुमचं शब्दन्‌शब्द खरं आहे. त्यावरच बोलतो.

नमुना १ हा अर्जदाराने स्वतः भरायचा जाहीरनामा. त्यात पहिल्याच प्रश्नात विचारलंय, मिरगी आहे का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का. पुढे आहे २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, तांबडा-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का. व्यावसायिक लायसनला त्यावर डॉक्टरचा नमुना १-अ. लोक 'नाही, नाही, होय, नाही' अशा टिका मारून मोकळे होतात. अण्णांनी नूतनीकरणाच्या वेळी काय लिहिलं हे सुनावणीत निघू शकतं.

पण डॉक्टरबाईंची शंका खरी असेल तर मला यात कलम १९ पेक्षा कलम १६ जास्त दिसतं. लायसन असलेला माणूस आजारामुळे किंवा व्यंगामुळे चालवायला अपात्र आहे असं वाटायला सबळ कारण असेल, तर आरटीओ केव्हाही लायसन काढून घेऊ शकते, किंवा 'लायसन ठेवायचं तर वैद्यकीय दाखला आण' असं सांगू शकते. १९ चा निकाल माणसाच्या वागण्यावर लागतो, १६ चा तब्येतीवर. अण्णांच्या माथी 'दारुडा' हा शिक्का बसण्यापेक्षा त्यांनी स्वतःच तपासणीचे कागद पुढे केले तर अधिकाऱ्यालाही निर्णय द्यायला आधार मिळतो.

एक मात्र, ताई. त्यांच्या आजाराबद्दल त्यांना न विचारता पत्रात काही लिहू नका. तुम्ही पाहिलं तेवढंच लिहा. आजाराचं त्यांनी सांगायचं.

---

पुणेरी_प्रवासी
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आणि त्या तक्रार करणाऱ्या कुटुंबाला कुणी कळवलं का? त्यांना अजून दारूच वाटत असेल.

---

तेरेखोल
विषयांतर होतंय, पण ड्रायव्हरने किती तास चालवायचं यावर काहीच बंधन नाही का?

---

निवृत्त_निरीक्षक
१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत गेला. त्यात होतं दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. पण तो ५ किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागायचा. स्वतःच्या गाडीचा स्वतःच ड्रायव्हर असलेल्या माणसाला थांबवणारं कुणी नाही. जांभांच्या गाडीवाल्यालाही नव्हतं.

---

जांभा
त्याला थांबवायला आम्ही सहा जण होतो.

---

कुडाळकर_बाबल
आमच्या हंय एक म्हातारो आसा, सत्तरीक टेकलो तरी जीप चालवता. गाडीयेत बसल्याबरोबर सांगता, 'माका गप ठेवू नको, गप रवलंय तर झोप येता.' मगे सगळ्यांनी सावंतवाडी येयसर त्याच्याशी गजाली करूच्या. एकदा सगळी पोरां कानात वायर घालून बसली, तर तेणां गाडी बाजूक लावली आणि म्हणालो, 'बोला, नायतर उतरा.'

---

रातांबा
बाबल, आजोबांना स्वतःची मर्यादा माहीत आहे हे मानलं पाहिजे. पण मी त्या जीपमध्ये बसणार नाही.

---

मालगुंडकर
(पाच दिवसांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

शनिवारी अण्णांच्या घरी गेले. ते पडवीत बसले होते, समोर नोटीस, ग्लासाखाली दाबून ठेवलेली. मी पत्राचं बोलले तर म्हणाले, 'तुला वाटेल ते लिही गो.' मग मी धीर करून विचारलं, संकष्टीच्या दिवशी गोळी घेता का? ते काही बोलले नाहीत. काकू आतून बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या, त्यात गोळ्यांची पाकिटं. ग्लिमेपिराइडच. आणि दिवाळीनंतर डॉक्टरांनी डोस वाढवलेला. काकू म्हणाल्या, 'उपासाच्या दिवशी हे बिनसाखरेच्या चहावर असतात. गोळी मात्र चुकवत नाहीत, मीच देते ना सकाळी.' आणि डोळ्यांना पदर लावला. त्या बिचारीला वाटत होतं आपण काळजी घेतोय.

मग अण्णा बोलले. म्हणाले, 'त्या दिवशी मला दोन रस्ते दिसत होते. त्यातला खरा कुठला ते कळेना. मी उजवीकडचा धरला.' एवढं बोलून किती तरी वेळ हातातली किल्ली फिरवत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी गाडी बाहेर काढलेलीच नाही. हे मला माहीत नव्हतं. आम्हाला गेले काही दिवस त्यांचा पुतण्या नेतोय, मला वाटलं व्हॅनचं पत्र्याचं काम चाललंय म्हणून.

सोमवारी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. गोळी बदलली, घरी मोजायचं यंत्र घेतलं, वही घातली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की काही आठवडे आकडे बघितल्याशिवाय 'चालवायला हरकत नाही' असं मी लिहून देणार नाही. अण्णांनी मान हलवली.

पत्र मी दिलं. छापील नाही, हाताने लिहिलं. त्यातला मधला भाग इथे देते :

'मी ६ वर्षे आठवड्यातून दोनदा यांच्या गाडीतून प्रवास करते. या काळात दारूचा वास मला कधीही आला नाही. तक्रारीतील प्रसंगाच्या सुमारे एक महिना आधी, एका रविवारी संध्याकाळी नेवऱ्याच्या पुढे, गाडी चालवत असताना त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागला व त्यांनी माझ्या प्रश्नाला असंबद्ध उत्तर दिले. मी गाडी थांबवायला लावली. गोड सरबत प्यायल्यावर ते पूर्ववत झाले. मी हे त्या वेळी कोणालाही सांगितले नाही. डॉक्टर लेखी देत नाहीत तोपर्यंत त्यांनी प्रवासी नेऊ नयेत असे मला वाटते. तसे लेखी मिळाल्यावर माझ्या आईला त्यांच्याच गाडीतून न्यायला मी तयार आहे.'

देण्याआधी अण्णांना वाचून दाखवलं. 'मी हे कोणालाही सांगितले नाही' या वाक्याला त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, 'हे काढ. सांगायचं काम माझं होतं.' मी काढलं नाही.

स्टॅण्डवरचे दोघे जण माझ्यावर नाराज आहेत. म्हणतात, घरच्या माणसाने घरच्याच्या विरोधात लिहिलं.

---

स्टॅण्डवरचा
त्यांना माझ्याकडे पाठवा. आमच्या पाचांपैकी तिघांनी काल आपापल्या गोळ्यांचं नाव वाचून घेतलं. दोघांची तीच आहे. डॅशबोर्डात ग्लुकोजची पुडी आली.

---

डॉ_सुरंगी
ताई, पत्र अगदी हवं तसं आहे. काकूंना सांगा, त्यांची चूक नाही. गोळी देताना 'उपासाच्या दिवशी काय करायचं' हे सांगणं आमचं काम असतं. आणि अण्णांना सांगा, वहीत तारखेबरोबर 'काय खाल्लं' हा रकानाही घाला.

---

पुणेरी_प्रवासी
सुनावणीचं काय झालं?

---

मालगुंडकर
काल झाली. साधारण २० मिनिटं. अण्णांनी स्वतःच सांगितलं की मला शुगर आहे, त्या दिवशी उपाशी होतो, गाडी चालवायला नको होती, आणि नूतनीकरणाच्या फॉर्मवर मी नीट न वाचता टिका मारल्या होत्या. अधिकाऱ्यांनी डॉक्टरांचा कागद ठेवून घेतला. ६ महिने प्रवासी वाहन चालवायचं नाही, त्यानंतर नोंदवही आणि नवा वैद्यकीय दाखला घेऊन यायचं, मग बघू, असं सांगितलं. लेखी आदेश यायचा आहे. अपील करायचं नाही असं अण्णा म्हणतायत. त्या कुटुंबाचा नंबर तक्रारीवर होता, अण्णांनी बाहेर आल्यावर मला त्यांना फोन लावायला सांगितला. पलीकडच्या बाईंनी आधी फोन ठेवला. अर्ध्या तासाने त्यांचाच परत आला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, अण्णा बोलत बोलत पार आवाराच्या गेटपर्यंत गेले होते.

---

जांभा
ताई, हे वाचून बरं वाटलं. बाकी लिहिता येत नाही.

---

निवृत्त_निरीक्षक
लेखी आदेश आला की त्यातलं कलम कुठलं आहे ते आधी बघा. १९ आणि १६ यांत पुढे फरक पडतो. अपील करायचं नसलं तरी आदेश मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, ३० दिवस तिथपासून धरतात.

---

मालगुंडकर
ठेवते साहेब.

आज शुक्रवार, डायलिसिसला गेलो होतो. पुतण्या चालवत होता, अण्णा शेजारी. सहा महिने घरात बसून काय करू म्हणाले, म्हणून आले. पोरगा नवीन आहे, आरेच्या चढावर त्याने गिअर उशिरा टाकला तर अण्णांचा डावा पाय आपोआप क्लच दाबायला गेला. आई मागून म्हणाली, 'अण्णा, तुम्ही आज प्रवासी आहात.' मग त्यांनी पाय मागे घेतला आणि खिडकीतून समुद्राकडे बघत बसले. शिरगाव येईपर्यंत पोराला एकच गोष्ट सांगत होते : वळणावर हॉर्न दे, उतारावर घाई करू नको, मागे आजी आहे.